दूताचं वाक्य

न वाजणारं दार.

शेवटच्या बाकावर मफलर गुंडाळलेले एक म्हातारे गृहस्थ, हातात बिस्किटांचा पुडा.

कुठल्याशा जुन्या नाटकातला राजा. मुलगा युद्धावर गेलाय, बाप शतकानुशतकं सिंहासनासमोर उभा आहे. वार्ता येईपर्यंत बसणार नाही म्हणतो.

फळ्यावर खडूने: नाटककार स्वतः दूत व्हायचा.

"वार्ता काय?" रोज, दिवेलागणीला.

आता हे सगळं जुळवून घेऊ. खडू मॅडमच्या हातातला. त्या कॉलेजात नाटक शिकवत. बाकावरचे गृहस्थ त्यांचे यजमान, एके काळचे नट. त्या राजाची भूमिका त्यांनी इतकी वर्षं केली की घरीदारी सगळे त्यांना राजेच म्हणत. हल्ली राजांना काही आठवत नसे. एकुलता एक मुलगा रस्त्यावर अपघातात गेला, हेसुद्धा. सुरुवातीला मॅडमनी त्यांना खरं सांगून पाहिलं. दर वेळी राजांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. तो चेहरा तीन-चारदा बघितल्यावर मॅडमनी कानाला खडा लावला. मग संध्याकाळी राजे उभे राहून दाराकडे बघत विचारू लागले, "वार्ता काय?" मॅडम म्हणायच्या, "राजपुत्र सुखरूप आहेत." राजे मान हलवायचे. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

आज सांभाळणाऱ्या बाई आल्या नाहीत, म्हणून राजांना वर्गात आणावं लागलं. मॅडमनी मनाशी पक्कं केलं होतं: आज नुसती नाटककाराची ओळख. राजा आणि दूताचा प्रवेश नाही म्हणजे नाही.

"हा माणूस स्वतःच्या नाटकात कधी राजा झाला नाही," त्या सांगत होत्या. "दर वेळी दूत. यायचं, वाईट बातमी द्यायची आणि निघून जायचं."

"म्हणजे कुरिअरवाला!" एक मुलगा ओरडला.

"तू गप रे. तुझं पार्सल कोणी घेणार नाही," शेजारची मुलगी.

हशा पिकला. राजेही हसले, सगळे हसतात म्हणून.

"पण मॅडम, मरण स्टेजवर का दाखवत नाही तो?" ही रेडिओ. बोलायला लागली की बंद व्हायची नाही, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव.

"तो म्हणायचा, मरणाऱ्याकडे काय बघता? ऐकणाऱ्याकडे बघा."

मॅडम बोलून गेल्या आणि त्यांच्याच अंगावर काटा आला.

"मग वाचूया ना! एकच पान, प्लीज!" मॅडम नको म्हणेपर्यंत रेडिओ पुस्तक घेऊन उभीसुद्धा राहिली. "महाराज, मी रणभूमीवरून आलो आहे."

"वार्ता काय?"

हा आवाज आजारी माणसाचा नव्हता. अख्खा वर्ग मागे वळला. राजे उभे होते. पुडा खाली पडला होता, बिस्किटं फरशीवर पसरली होती. रेडिओ पहिल्यांदाच बंद पडली.

मॅडम घाईने पुढे झाल्या. "राजपुत्र सुखरूप आहेत."

"मॅडम," रेडिओ कुजबुजली, "पुस्तकात असं नाहीये."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर म्हण की!" राजे खेकसले, तालमीत खेकसायचे तसे. "रोज चुकीचं वाक्य देतेस. रोज! मी आपला उभा. दूत बोलल्याशिवाय राजा बसणार कसा? प्रवेश पुढे सरकणार कसा?"

मॅडमनी टेबलाची कड धरली. म्हणजे पुन्हा पुन्हा विचारत होते ते विसरून नव्हे. इतक्या संध्याकाळी हा माणूस एका वाक्यासाठी खोळंबला होता, आणि ते वाक्य त्या गिळत होत्या.

"अहो, घरी जाऊन बोलू."

"आत्ता."

दूताने नजर जमिनीवर ठेवायची असते. हे दर वर्षी त्याच शिकवायच्या. त्यांनी राजांकडे सरळ बघितलं.

"महाराज, तुमचा मुलगा आता येणार नाही."

राजांनी डोक्यावरचा मुकुट काढला. नसलेला. दोन्ही हातांनी, जपून, बाकावर ठेवला. मग बसले. कोणी हसलं नाही.

आता राजे स्वतःच्या आवाजात: "आपला का गं?"

"हो. आपलाच."

रेडिओ खाली वाकून बिस्किटं वेचत राहिली.

त्या संध्याकाळी राजे दारासमोरच्या खुर्चीत बसून होते. मॅडमनी दिवा लावला. रोजच्या प्रश्नाची वाट बघितली, तो आला नाही. मग त्या बाहेर गेल्या आणि दार उघडून, कोणी आल्यासारख्या, आत आल्या. दार वाजलं नाही, राजांनी मान वर केली नाही. त्या पुन्हा बाहेर गेल्या. पुन्हा आत आल्या.

दाराच्या बिजागऱ्यांना तेल मुलाने घातलं होतं, तो गेला त्याच आठवड्यात. बाबांची दुपारची झोप मोडते म्हणून.