डावा पाय

"आठ सिलिंडर काढून सहा घातले, आणि वर म्हणतात ताकद वाढली," बद्रने मोबाइल गादीवर टाकला. "काका, ही काय वाळूत चढायची गाडी झाली?"

कुवेतमधल्या जहरा गावी बू मिशालच्या दिवाणियात, म्हणजे घराच्या बैठकीच्या खोलीत, रोज मगरिबच्या, सांजेच्या नमाजानंतर पुरुषांची हीच पंचायत भरायची. गाडीच्या कंपनीने नवं मॉडेल काढलं की जगाचे बाकीचे प्रश्न दाराबाहेर चपलांशेजारी राहायचे. कुणाला दोन टर्बोंचं कौतुक होतं. कुणाच्या मते लाल पट्टा नि काळी चाकं लावून तीच गाडी महाग विकायचा धंदा चालला होता. हाताने टाकायचे गिअर आता फक्त माल वाहायच्या पिकअपला ठेवलेत, म्हणून एकजण तर घरातलं माणूस गेल्यासारखा बसला होता.

सगळ्यांचं बोलून झालं की निकाल बू धारीने द्यायचा, अशी तिथली रीत होती. धारीचा बाप म्हणून सगळे त्याला बू धारी म्हणत. वीज खात्यात त्याने जन्मभर कारकुनी केली, तिथे त्याला कुणी काही विचारलं नाही. पण शुक्रवारी वाळूच्या टेकडीवर तो जुनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अशी चढवायचा की तरुण पोरं खाली उभी राहून बघत. ज्याला गिअर टाकायचा कंटाळा त्याने सरळ लिफ्टमध्ये बसावं, हे त्याचंच वाक्य. बू जर्राहने वीस वर्षांपूर्वी ऑटोमॅटिक घेतली, तेव्हापासून बू धारी त्या बालमित्राला भर बैठकीत लिफ्टवाला म्हणत आला होता.

आणि आता त्याचा डावा गुडघा गेला होता. क्लच दाबायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं. मागच्या आठवड्यात त्याने जुनी गाडी विकली आणि हीच घेतली, सहा सिलिंडरची, ऑटोमॅटिक. ती तो सहकारी भांडाराच्या मागच्या भिंतीला लावायचा आणि लंगडत दिवाणियात यायचा. गुडघा वाचवायला घेतलेल्या गाडीपायी गुडघ्याचेच हाल चालले होते. पण बोललेलं बोलून गेलं होतं, ते गिळायचं कसं?

पोरगा पुन्हा कॉफी ओतायला आला. बू धारीने कप हलवून पुरे म्हटलं.

"पूर्वीची ती पूर्वीची," तो म्हणाला.

"म्हणजे ही लिफ्टच ना, काका?" बद्रने विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो फार थकला होता.

"हो. लिफ्टच."

हशा पिकला. एकटा बू जर्राह हसला नाही.

बैठक उठली तेव्हा बू जर्राह दाराशी सपाता घालत थांबला होता. "मला घरी सोड. गाडी जावयाने नेलीय."

"मी चालत आलोय."

"मग चालत जाऊ. मला काय घाई आहे?"

दोघे चालू लागले. बू धारीला तीनदा थांबावं लागलं. तिन्ही वेळा बू जर्राहला नेमका स्वतःच्या सपातेत खडा सापडला. भांडारामागची भिंत आली तसा बू धारीचा धीर सुटला. त्याने खिशातून किल्ली काढली आणि पांढऱ्या गाडीचे दिवे लुकलुकले.

"हस," तो म्हणाला. "वीस वर्षांचं एकदम हसून घे. उद्या सगळ्यांना सांग."

"आधी एसी लाव," बू जर्राह दार उघडत म्हणाला. "घामाघूम झालोय."

गाडी निघाली. आवाज जवळजवळ नव्हताच, आणि बू धारीला तेच सोसत नव्हतं. जुन्या गाडीत बोलायला ओरडावं लागायचं. आता एसीची हवाही ऐकू येत होती.

चौकात सिग्नल लाल झाला. उजव्या पायाने ब्रेक दाबताना सवयीने डावाही क्लचसाठी उचलला गेला आणि रिकाम्या मॅटवर दाबला गेला. गुडघ्यातून कळ गेली. बू धारीने चोरून शेजारी पाहिलं. बू जर्राह त्या पायाकडेच बघत होता.

सिग्नल हिरवा झाला.

"पहिला गिअर टाक," बू जर्राह समोर रस्त्याकडे बघत म्हणाला.

बू धारीने मधल्या दांड्यावर हात ठेवला, आणि मॅटवरचा डावा पाय हळूहळू सोडला.