राखाडीतले दहा वाटे

सासूबाई सकाळपासून जेवल्या नव्हत्या. वीस पाखरांत एकच कोंबडी पांढरी, तीच मांजरानं नेली. "बहिणीनं दिलेलं वाण बुडालं माझं," म्हणाल्या, आणि त्याच रागात राखाडी होती ती दहाही, कोंबड्यासकट, डालग्यात कोंबली. "धड काळी ना धड पांढरी. नुसती भेसळ! खाटीक येतोय, जाऊ दे बला."

शुद्धपणाचं खूळ एकदा डोक्यात शिरलं की माणूस कोंबडीलाही सोडत नाही.

सून कॉलेजात आनुवंशिकता शिकवायची. ती डालग्यासमोर फतकल मारून बसली. "आई, हात लावाल तर बघा!"

"ऊठ गं, गुदमरतील आत."

"आधी मोजू द्या. काळी नऊ, राखाडी दहा, गेलेली पांढरी एक." तिनं खुराड्याच्या फळीवर खडू चालवला. "प्रत्येक पाखरात रंगाचे दोन वाटे, एक आईकडून, एक बापाकडून. काळीत दोन्ही काळ्याचे, पांढरीत दोन्ही पांढऱ्याचे, राखाडीत दोन्हींचा एकेक. पांढऱ्याचे झाले बारा, काळ्याचे अठ्ठावीस. भागिले वीस. पांढरा साठ टक्के, काळा एकशेचाळीस."

"दोनशे टक्के? अगं, पगार देतात ना तुला?"

सुनेनं जीभ चावली. "पाखरं वीस, पण वाटे चाळीस! याच चुकीवरून पोरांना झापते मी." साठाचे तीस झाले, एकशेचाळीसाचे सत्तर. "पांढरी दिसायची शंभरात पाच, पण पांढऱ्याचे वाटे शंभरात तीस. बारातले मांजरानं दोनच नेले, आई. उरलेले दहा तुम्ही डालग्यात कोंबलेत."

सासूबाई डालग्यापाशी वाकल्या. "म्हणजे यांच्या पोटी पांढरं येईल?"

"राखाडीला राखाडी कोंबडा. चारात एक, साधारण. चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं ते."

खाटीक रिकाम्या हातानं, तोंडातल्या तोंडात शिव्या देत गेला.

राखाडीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली. एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली सात. सुनेनं ती फळीवर खडूनं मांडली. राखाडी चार, काळी तीन. पांढरं एकही नाही. सुनेला रडू फुटायचंच बाकी होतं.

"तोंड नको पाडूस," सासूबाई म्हणाल्या. "चिठ्ठ्याच त्या. वाटे कुठं पळून गेलेत? दुसरी खुडूक बसवलीय मी कधीच." मग सुनेच्या हातातला खडू काढून घेतला. "चल, आधी जेव. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."