शोध लावणाऱ्या

"काका, हा बोर्ड कोणी लिहिला?"

मारोतराव स्टेजवर समई पुसत होते. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून भिलाईचं मराठी मंडळ म्हणजे त्यांचं दुसरं घरच. हसत म्हणाले, "मीच. कावून व? फोटो चांगला नाही आला का?"

फोटो चांगलाच आला होता. सुमेधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती खालच्या ओळीनं: 'डेंग्यूच्या औषधाचा शोध लावणाऱ्या आपल्या कन्या'. आठवडाभर तिच्या सत्काराचे हे बोर्ड पावर हाउसपासून चरोद्यापर्यंत झळकत होते आणि रायपूरच्या प्रयोगशाळेत तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"मी शोध लावलेला नाही. शोध घेतेय."

"एकच तं झालं. आपल्या मंडळातल्या पीयूषनं हिंदीत लिहून देल्लं, 'डेंगू की दवा की खोज करनेवाली'. त्याचं मी मराठी केलं. एका शब्दासाठी एवढी चिडून राहिली तू?"

एक शब्द! काजव्याला चमकवणारं जनुक ती डेंग्यूच्या विषाणूत घालत असे. विषाणू ज्या पेशीत वाढेल, ती यंत्राला दिसण्याइतपत उजळे. मग तिच्यावर औषध टाकायचं. उजेड विझला, तर औषध लागू पडलं. कधीकधी विझायचाही. पण पुढच्या तपासणीत कळायचं की पेशीच मेली आहे. रोग्यालाच मारणारं औषध काय चुलीत घालायचंय? मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. इतकी वर्षं हेच. लोकांना त्यातला काजवा तेवढा आवडायचा.

"मथुरामावशी गेली, काका. आज सकाळी. डेंग्यूनं."

मारोतरावांच्या हातातली समई हातातच राहिली. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली मथुरामावशी म्हणजे कुणाच्याही घरी कार्य निघालं की पदर खोचून पोळ्या लाटायला बसणारी बाई. सुमेधाची आई गेली तेव्हा महिनाभर हिचाच डबा येत होता.

काल मावशीच्या मुलीचा, दिपालीचा फोन आला म्हणून सुमेधा धावत दवाखान्यात पोचली. दवाखान्यात चल म्हणून दिपालीनं किती गळ घातली होती, पण मावशी तापात घरीच पडून राहिली होती.

"तुयं औषध निंघालं न," सुमेधाचा हात धरून ती म्हणाली होती, "बोर्डावर वाचलं मी. म्हटलं, कायले सुया टोचून घेऊ? रविवारी पोरगी येऊनच राहिली मंडळात, तिलेच मागू. आनलं का व?"

सुमेधा उठून डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणलं असतं तर नुसत्या सलाइनवरही निभावलं असतं.

"मले काय मालूम, ती वाचून थांबन म्हनून," मारोतराव पुटपुटले. "मी तं कौतुकानं..."

"तुमच्या कौतुकानंच जीव घेतला तिचा!"

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं नाही. राग त्यांच्या एकट्यावर नव्हताच. वर्तमानपत्रात छान दिसणाऱ्या आणि एका बाईचा ताप उतरवू न शकणाऱ्या आपल्या उजेडाचाही तिला संताप आला होता.

"प्रोग्राम कॅन्सल करू का?"

"नाही. लोकांना येऊ द्या."

हॉल भरला. शाल खांद्यावर पडायच्या आत तिनं माइक ओढून घेतला.

"डेंग्यूवरचं औषध मला सापडलेलं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या पोरांना मराठी येत होतं ते घरापुरतं. 'डेंग्यू' आणि 'औषध' एवढं कानावर पडलं, त्यांनी टाळ्या पिटल्या. त्यांचं पाहून पुढच्यांनीही वाजवल्या.

"दवा नहीं मिली है!" सुमेधा किंचाळली. "बंद करो ये ताली! बुखार आए तो सीधे अस्पताल जाओ. मेरे पास कुछ नहीं है."

टाळ्या थांबल्या. मारोतरावांनी हातातली शाल खुर्चीवर ठेवली.

दुसऱ्या रांगेतून कवडू उठला. पंप हाउसवर काम करणारा, कधी कुठल्या कार्यक्रमाला न दिसणारा माणूस. मांडीवर झोपलेली आपली लेक मोना त्यानं खांद्यावर घेतली आणि लोकांच्या गुडघ्यांतून दाराकडे वाट काढू लागला.

"ताप कधीपासून आहे हिला?" सुमेधानं वरूनच विचारलं.

"परवापासून. तुमालेच दाखवाले आनली होती, मॅडम."

मारोतराव खिशातली गाडीची किल्ली चाचपत दाराकडे धावले. सुमेधा स्टेजवरून उतरली, कवडूजवळ गेली आणि पोरीच्या कपाळावर तिनं हात ठेवला. कपाळ चांगलंच तापलं होतं. मोनानं डोळे किलकिले केले आणि औषध घ्यायला तोंड उघडलं.