कारंजं कोणाला म्हणता?

मी घाणा बोलतोय. तेलाचा, दगडी घाणा. आधीच सांगून ठेवतो, कारण या घरात मला भलतंच नाव पडलंय आणि ते ऐकलं की माझा संताप संताप होतो.

कोकणात वाक्रूळ गावी पाथरवटानं मला घडवलं. मालक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू; शनिवार त्यांचा विसाव्याचा दिवस. तीळ रगडत बैल फिरायचा. शुक्रवारी दिवस मावळला की सुटायचा, तो शनिवारी चांदण्या उगवेपर्यंत जुंपला जायचा नाही. म्हणून गाव मालकांना शनिवार तेली म्हणायचं.

त्यांचा नातू दानिएल शिकला, नाशकात मामलेदार झाला. दिवसभर कचेरी, आणि उरलेला जीव आपल्या लोकांचा इतिहास लिहिण्यात. म्हाताऱ्यांना विचारत गावोगाव फिरला. पडक्या गोठ्यात मी दिसलो, तसा गाडीत घालून नाशकाला आणला. अंगणात ठेवून म्हणाला, "ही आमची सनद!"

दानिएलचा मुलगा इलायजा वकील. तेली म्हटलं की याला घाम फुटे. बापाला सरकारनं रावसाहेब किताब दिला, घरी चहापान ठरलं, तर या पठ्ठ्यानं माझ्या पोटात माती भरून क्रोटनचं शोभेचं झाड लावलं! वर पाहुण्यांना सांगतो, "आमच्या पूर्वजांच्या हवेलीतलं कारंजं."

रावसाहेब कप ठेवून उठले. "कसली हवेली रे? माझा आजा यात तेल काढायचा."

"बाबा, लोक काय म्हणतील?"

"तेली म्हणतील. दुसरं काय?"

त्यांची बायको मिल्काबाई पदर खोचून पुढे आली. "अहो, धरा तिकडून." दोघांनी मिळून क्रोटन उपटलं.

एक पाहुणा हसला, "मग आम्हाला तेल स्वस्त ना, रावसाहेब?"

"शनिवार सोडून केव्हाही या!"

अडतीस साली रावसाहेब गेले. सात दिवस घर शोकाला जमिनीवर बसलं. आठव्या दिवशी इलायजानं गवंडी आणून माझ्या बुडाला भोक पाडलं, नळी घातली.

"आई, बाबांचा इतिहासही छापतो. फक्त तेलाचं प्रकरण गाळून."

"मग वर नाव तुझं घाल," मिल्काबाई म्हणाली. "त्यांचं घातलंस तर छापखान्याच्या दारात येऊन बसेन."

तेव्हापासून पुस्तक अडलंय. इथं मात्र माझ्या पोटातून पाणी उडतं आणि लोक वाहवा करतात. ज्यानं जन्मभर खरं लिहिलं, त्याच्याच अंगणात हा खोटेपणा!

तुम्ही आलात तर वाहवा नको. आत हात घाला, कडेवरून बोट फिरवा. एवढं पाणी वाहून गेलं, तरी बोट तेलकटच निघेल.