हेडमास्तरांची तीनदा हजेरी

"मासे शू करतात का?"

हा प्रश्न मी शाळेच्या खचाखच भरलेल्या हॉलमध्ये, हातात माइक घेऊन, अगदी स्वच्छ उच्चारांत विचारला. पैज होती. टाचणी म्हणाली होती, "तू विचारून दाखव, महिनाभर माझ्या डब्यात आधी तुझा हात." टाचणी म्हणजे माझी मैत्रीण. अंगाने टाचणी, बोलायला त्याहून टोचरी. मला सगळे भोंगा म्हणतात. मागच्या वर्षीपर्यंत या नावाने मला रडू यायचं. यंदा मी ते स्वतःच वहीच्या कव्हरवर ठसठशीत लिहून टाकलंय. देवाने भोंगा दिलाय तर वाजवायला काय हरकत आहे?

हॉल फुटला. मागच्या बाकांवरची मुलं बाकं बडवायला लागली. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की साधं माणूस जागीच विरघळलं असतं. पण स्टेजवरच्या बाई हसल्या नाहीत. पांढरे केस मुलासारखे कापलेले, उन्हाने नाकाची सालं निघालेली, आणि मनगटाला पाण्याखाली चालणारं भलंमोठं घड्याळ. गरम समुद्रांतल्या प्रवाळांच्या खडकांवर फिरायचं, तिथले मासे मोजायचे आणि एका समुद्राची दुसऱ्याशी तुलना करायची, हेच त्यांचं काम. आम्ही पाच मिनिटांत त्यांचं नाव मोजणीबाई ठेवलं होतं.

"करतात," त्या म्हणाल्या. "थोडी शेपटीकडून, आणि बरीचशी घाण तर कल्ल्यांतूनच बाहेर टाकतात."

पुन्हा हशा.

"हसा. पण प्रवाळ त्याच्यावर जगतं. असं निळंशार, काचेसारखं पाणी दिसतं ना, त्यात खायला फारसं काही नसतं. मासे दिवसभर खडकाच्या आडोशाला थांबतात आणि त्याला खत देतात. मोठे मासे जाळ्यात गेले की खडक अर्धपोटी."

मग त्यांनी आधी दाखवलेले दोन फोटो परत लावले. एका बेटाभोवती प्रवाळाच्या इतक्या जाती की नावं वाचतानाच दम लागावा, पण मासे मारून संपवलेले. सगळ्या रंगांवर हिरवट शेवाळाची लव चढलेली. दुसरा समुद्र लांबचा. जाती मोजक्याच, पण तिथे कित्येक वर्षांत कुणी जाळं टाकलं नव्हतं, नांगरही नाही. प्रत्येक फटीतून कुणीतरी तोंड बाहेर काढून बघत होतं.

"म्हणून कुठला समुद्र भारी, असं मला विचारू नका," त्या म्हणाल्या. "किती जाती आहेत हे एक. त्या नीट जगतायत का हे दुसरं. मी दोन्ही मोजते. आता तुमच्या इथला खडक मोजायचाय."

मी खाली बसले तेव्हा टाचणी मला चिमटे काढत होती. मला पत्ताच नव्हता. मी फटीतून बघणाऱ्या त्या माशांना बघत होते. पैजेसाठी विचारलेल्या फालतू प्रश्नाला इतकं खरं उत्तर मिळतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

*

मोजणीबाईंनी बोट भाड्याने घेतली ती आमचीच. आमचं डायव्हिंगचं दुकान आहे. बोट आई चालवते. बाबा हवेच्या टाक्या भरतात, फाटके डायव्हिंग सूट चिकटवतात आणि घाबरलेल्या गिऱ्हाइकांना "काही होत नाही हो" असं म्हणत पाण्यात ढकलतात. आम्ही दुकानाच्या वर राहतो. घरात फरशी कधी पूर्ण कोरडी नसते आणि खालच्या कॉम्प्रेसरची घरघर सुरू झाली की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. मला पोहता आधी यायला लागलं की चालता, यावर घरात अजून वाद आहे.

गेले दोन मोसम मात्र कॉम्प्रेसर बराच गप्प होता. लोक पलीकडच्या बेटांना जात होते. तिथे मासे जास्त, असं सगळीकडे लिहून आलं होतं.

"आता बघ," आई म्हणाली. "या बाईंची तुलना छापून येते. डायव्हिंगला जाणारा प्रत्येक जण ती वाचतो. त्यात एक भाग 'धडधाकट' खडकांचा. तिथे नाव आलं की गिऱ्हाइकांच्या रांगा."

"आणि दुसरा भाग?" मी विचारलं.

"दुसरा 'जपायचे'," बाबा म्हणाले. "त्यात गेलं की सरकारकडून काही वर्षं जाळी बंद, नांगर बंद, अर्धा खडक आपल्यालाही बंद. बाईंच्या दृष्टीने बरोबर आहे. आपल्या दृष्टीने..." त्यांनी खालच्या कॉम्प्रेसरकडे बोट दाखवलं. तो गप्प होता. आणखी सांगायची गरज नव्हती.

मोजणीबाईंच्या सोबत्याचा कान दुखायला लागला आणि त्याला पाण्यात जायची बंदी झाली. मोजपट्टीचं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. बोटीवर भोंगा वाजला, "मी! मी येते!" माझ्याकडे डायव्हिंगच्या परवान्याचं कार्ड आहे, शाळेला सुट्टी होती, आणि मुख्य म्हणजे आईला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही.

काम सोपं होतं आणि म्हणूनच अवघड. पट्टी खडकावर अंथरायची. मग हलायचं नाही, मासे आपल्याला विसरेपर्यंत. त्यानंतर मोजणीबाई लोखंडी कडीने आपल्या टाकीवर तीनदा ठोकायच्या, टण टण टण, म्हणजे "मी निघाले, तू टोक सोडू नकोस." आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंचे मासे पाटीवर टिपत हळूहळू पुढे जायच्या.

पहिल्या पट्टीवर त्यांनी ठोकलं आणि मासे आले. असे आले, जणू कुणीतरी रंगांची पोती उलटी केली. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे आले, निळे आले, आणि सगळ्यांच्या मागून डुलत डुलत हेडमास्तर आले.

हेडमास्तर हा आमचा जुना मासा. माझ्या मांडीएवढा जाड, खालचा ओठ लोंबलेला, चेहऱ्यावर कायम 'गृहपाठ कुठाय?' असा भाव, आणि शेपटीचा एक कोपरा कुणीतरी चावून नेलेला. हे नाव आईनेच ठेवलंय. मी पाण्याखाली हसले आणि मास्कमध्ये पाणी शिरलं.

दुसरी पट्टी आम्ही बरीच लांब टाकली. टण टण टण. गर्दी आली. मागून हेडमास्तर.

तिसरी तर खडकाच्या पार दुसऱ्या टोकाला. टण टण टण. मी मान वळवून बघत राहिले. आले! कोपरा चावलेली शेपटी हलवत, थोडे दमल्यासारखे, पण आले. मोजणीबाईंनी पाटीवर तिसऱ्यांदा खूण केली. त्यांच्या लेखी तो तिसरा जाडा मासा होता. त्यांच्यासाठी सगळे जाडे मासे सारखेच. आमच्यासाठी ते हेडमास्तर.

वर आल्यावर मोजणीबाई एखाद्या मुलीसारख्या खुश होत्या. "इतके देश हिंडले, पण अशी गर्दी फार कमी पाहिली," त्या आईला म्हणाल्या. "उरलेलं काम उद्या झालं की लिहूनच टाकते."

पाण्यात आता कुणी नव्हतं, तरी आईने शिडीवर पान्हा आपटला, टण टण टण. पाण्याखालच्या गिऱ्हाइकांना वर बोलवायची तिची ही नेहमीची खूण. मग सवयीने तिने उरलेला पाव कुस्करून पाण्यात टाकला. गिऱ्हाइकांना ते फार आवडतं, माशांच्या गर्दीत फोटो काढता येतात. पाणी उकळल्यासारखं झालं.

मी आईच्या हातातल्या पान्ह्याकडे बघितलं. मग मोजणीबाईंच्या कडीकडे. मग पुन्हा पान्ह्याकडे.

*

"मला काय समजायचं ते समजलंय, पण खात्री करायचीय," मी टाचणीला फोनवर म्हटलं. "बाबांचा पान्हा घेऊन येतेय. तू मास्क आण."

दीपगृहामागे खडक किनाऱ्याच्या इतका जवळ येतो की पोहत जाता येतं. बोट नव्हती, टाक्या नव्हत्या, आवाज नव्हता. आम्ही दोघी तोंड पाण्यात घालून तरंगत राहिलो. टाचणीला गप्प राहायला जमेल असं मला वाटलं नव्हतं, पण नळी तोंडात असली की ती नाइलाजाने सज्जन होते.

खाली फारसं काही नव्हतं. दोनचार लहान मासे इकडून तिकडे गेले. मग मी खडकच बघायला लागले, आणि इतकी वर्षं त्यावरून पोहूनही मी तो कधी बघितलाच नव्हता असं वाटलं. आमचं लक्ष कायम माशांकडे. प्रवाळ जिवंत होतं, पण ठिकठिकाणी तीच हिरवट लव. मध्येच एक लांब पांढरा चर, नांगर ओढत गेलेला. तो कुणाच्या बोटीचा ते सांगता येत नव्हतं. आमच्या बोटीचा असू शकतो, इतकं मात्र सांगता येत होतं.

मी खाली सूर मारला आणि खडकात रुतलेल्या एका जुन्या लोखंडी कडीवर पान्हा ठोकला. टण टण टण.

सगळीकडून आले. वरून, खालून, आमच्या काखेखालून! पट्टेरी मासे टाचणीच्या बोटांना हुंगायला लागले. आणि निळ्यातून, सावकाश, कोपरा चावलेली शेपटी. हेडमास्तर येऊन थेट माझ्या हातासमोर थांबले आणि पावाची वाट बघायला लागले.

टाचणी किंचाळत वर आली. "अगं काय आहे हे! जादू! परत कर, परत कर!"

मीही हसत होते. मग हसू थांबलं.

"टाचणे, हे एवढ्याच जागेचे मासे नाहीयेत. हे सगळ्या खडकावरचे मासे आहेत. पाव मिळतो म्हणून पळत येतात. बाईंनी तेच मासे तीनदा मोजलेत."

तिला समजायला वेळ लागला नाही. तिचं डोकंही टाचणीच आहे. "मग गप्प बस ना. कुणाला कळणारे? तुमचं नाव वर जाईल, तुझी आई खुश, बाबा खुश."

"आणि खडक?"

तिने मास्क डोक्यावर सरकवला. मग म्हणाली, "जाऊ दे. तू गप्प बसशील असं मला वाटलं, माझीच चूक. नावच भोंगा तुझं."

*

रात्री जेवायला बसलो तेव्हा आई गाणं गुणगुणत होती. बाबा जेवता जेवता हवेच्या नळीचा तोंडात धरायचा तोटा टूथब्रशने घासत होते. हे आमच्याकडे चालतं.

मी सगळं सांगितलं. पान्हा, कडी, दीपगृह, हेडमास्तर. गुणगुणणं थांबलं.

"म्हणजे काय?" आई म्हणाली. "मासे आहेत ना तिथे? मी काय ते कणकेचे करून सोडलेत?"

"आहेत गं. पण एवढे नाहीत. मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये मुलं मोजली आणि म्हटलं, प्रत्येक वर्गात एवढीच मुलं बसतात, तर चालेल?"

बाबांना हसू आलं. आईने बघितल्यावर त्यांनी ते तोट्यात घासून टाकलं.

"अहो, हसताय काय? तुम्हीच सांगा हिला. 'जपायचे'मध्ये गेलो तर अर्धा खडक बंद. दुकान कसं चालवायचं?"

"ठमे, तुझी आई खरं बोलतेय," बाबा म्हणाले. ते गंभीर झाले की तोटा खाली ठेवतात. त्यांनी तो ठेवला. "एक वाईट मोसम निभेल. दोन नाही. तू विचार केलायस का याचा?"

"केलाय. बाबा, तो चर तुम्ही पाहिलाय. पाहिलाय ना? 'धडधाकट' लिहिलं की आणखी बोटी येणार, आणखी नांगर पडणार. जाळीही चालू राहणार, कारण कागदावर मासे मावत नाहीत इतके. मग खडक उपाशी मरेल आणि आपण मेलेल्या खडकाचे एक नंबरचे दुकानदार. त्या लांबच्या समुद्राचा फोटो आठवतो मला. जाती थोड्या, पण फटीफटीतून कुणीतरी बघतंय. लोक तिथे जातात, बाबा. आधी जाळी आणि नांगर थांबले, मग लोक आले."

"फोटो बघून भाषण करतेय," आई म्हणाली, पण आवाजात धार नव्हती. तिने ताटातला घास नुसताच फिरवला. "हेडमास्तर खरंच शेवटच्या टोकापर्यंत आला?"

"दमला होता बिचारा."

"म्हातारा झालाय तो." ती जरा वेळ खिडकीबाहेर, बोटीच्या दिशेने बघत राहिली. "माझ्या पावापायी धावतोय." मग एकदम माझ्याकडे वळली. "मग काय, मी उद्या त्या बाईंसमोर उभी राहून सांगू, मी मासे शिकवून ठेवलेत म्हणून? नाचक्की!"

मी उठून उभी राहिले. खरं तर बसूनही सांगता आलं असतं, पण मला उभं राहून सांगायचं होतं.

"तू नाही सांगायचं. मी सांगणार. ठरलंय माझं. उद्या बोट सुटायच्या आधी मोजणीबाईंना सगळं सांगते, हेडमास्तरांच्या शेपटीसकट. टाकीवर ठोकायचं नाही, हाताने खूण करायची, आणि तिन्ही पट्ट्या पुन्हा मोजायच्या. टोक मीच धरणार. आपण 'जपायचे'मध्ये गेलो तर जाऊ, आणि मग दरवर्षी तो खडक मीच मोजणार, शाळा संपल्यावरसुद्धा. बाबा, तुमचा पान्हा पेटीत परत ठेवलाय, तो तिथेच राहू दे. आणि आई, बोट तूच चालवायचीस. पाव मात्र घरी."