शेताचं आडनाव

आर्डिसला लव्हॉनचं काय खुपत नव्हतं ते विचारा, म्हणजे यादी लवकर आटपेल. साठी जवळ आली तरी लव्हॉनची कंबर जागच्या जागी होती. चर्चच्या तळघरात बायका मिळून लेफ्से लाटायच्या, तेव्हा सगळ्यांच्या बटाट्याच्या पोळ्या तव्यावर टाकताना फाटायच्या आणि लव्हॉनची तेवढी अखंड उतरायची. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्कोगस्टाडांचं मूळ शेत पार ओढ्यापर्यंत दिसायचं. रविवारी ती गळ्यापाशी स्कोगस्टाडांच्या गुनहिल्ड पणजीचा चांदीचा ब्रोच लावून यायची. तो ब्रोच नॉर्वेहून पेटीच्या तळाशी लपून मिनेसोटात आला होता. लव्हॉन तर बियाणं विकणाऱ्या एका जर्मन माणसाची मुलगी. तिचा या ब्रोचशी काडीचा संबंध नाही. पण ब्रोच शेताबरोबर जायचा आणि शेत सेल्मरकडे होतं.

आणि सेल्मर लव्हॉनकडे होता. खरं दुखणं तेच होतं, बाकीचं सगळं त्याच्यावर चढवलेलं.

आर्डिसही जन्माने स्कोगस्टाडच. हाल्वोर स्कोगस्टाड बैलगाडी घेऊन या खोऱ्यात आला, गवताची ढेकळं रचून त्याने पहिलं घर बांधलं, आणि त्याचे दोन मुलगे, थोरला निल्स आणि धाकटा पेडर. निल्सचा नातू सेल्मर, पेडरची नात आर्डिस. सगळं खोरं असंच धरून चाललेलं होतं. निल्सला शेत मिळालं आणि पेडरच्या हाती भोपळा. पेडर तरुणपणीच मळणीयंत्रात सापडून गेला. त्याची पोरं तेव्हा एवढी एवढी होती. त्यामुळे आर्डिसच्या घरी या सगळ्यातलं एकच वाक्य उरलं होतं, भावाने भावाचं शेत गिळलं. जेवणाआधीच्या प्रार्थनेनंतर ते वाक्य कुणी ना कुणी म्हणायचंच.

तरीही आर्डिसला त्या गिळणाऱ्याच्या नातवानेच वेड लावलं. सेल्मर सैन्यातून परत आला त्या उन्हाळ्यात, कापणीनंतरच्या नाचाच्या संध्याकाळी, धान्याच्या कोठाराशी ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि मनातलं बोलून मोकळी झाली. सेल्मरने टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. मग म्हणाला, "आपलं रक्त एक आहे, आर्डिस. नाहीतर..."

तेवढ्यात तिच्या वडिलांनी ट्रकचा भोंगा वाजवला. पुढच्या वर्षी सेल्मर लव्हॉनला घेऊन आला.

लोक पेन्शनवर जगतात, आर्डिस त्या 'नाहीतर'वर जगली. तिनेही लग्न केलं, नवरा स्वभावाने गरीब होता, तो वारला, तिने रीतसर शोक केला. पण भांडी घासताना, बर्फ उपसताना, शवपेटीशेजारी उभी असतानासुद्धा तो अर्धा शब्द तिच्याजवळ असायचा. नाहीतर काय झालं असतं? नाहीतर त्या खिडकीतून ओढ्याकडे कोण बघत असतं? याचं उत्तर तिला फार आवडायचं, म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारायची.

या शरदात चर्चला एकशेपंचवीस वर्षं होत होती. कब्रस्तानाच्या फाटकाशी पहिल्या कुटुंबाच्या नावाचा दगड बसवायचा आणि घराण्यातल्या थोरल्या पातीच्या माणसाने त्याच्यावरचं कापड ओढायचं असं ठरलं. समितीची प्रमुख अर्थातच लव्हॉन. तिने सेल्मरचं नाव लिहिलं आणि त्याच्या पुढे आपलंही लिहिलं.

"एकटा पुरुष काय कापड ओढणार? चुरगाळेल," ती बैठकीत म्हणाली. "जोडीनं ओढू. फोटोतही बरं दिसतं."

आर्डिसच्या डोक्यात तिडीक गेली. पण ती कॉफी ढवळत गोड आवाजात म्हणाली, "पुस्तिकेत वंशावळ छापायला हवी ना? ती मी शोधते."

"शोध की. तुला काय, वेळच वेळ आहे," लव्हॉन म्हणाली.

हा टोमणा पदराला बांधून, म्हणजे इथल्या रीतीने पर्समध्ये टाकून, आर्डिस जिल्ह्याच्या गावी गेली. तिला फारसं काही सापडेल असं वाटलं नव्हतं. हाल्वोरने निल्सला झुकतं माप दिलं, पेडरवर अन्याय केला, एवढं कागदावर दिसलं तरी पुस्तिकेत एक बोचरी ओळ घालता आली असती. लायब्ररीत जनगणनेच्या फिल्मची रिळं होती. ती यंत्रापुढे बसून दांडी फिरवत राहिली. वाकड्या अक्षरातले नॉर्वेजियन एकामागून एक वर सरकत गेले.

पहिली नोंद तिला पाठच होती, लव्हॉनचा थोरल्या पातीचा दावा तिच्यावरच उभा होता. हाल्वोर स्कोगस्टाड, गुनहिल्ड, मग निल्स अकरा वर्षांचा, मग पेडर तीन वर्षांचा. सगळ्यांचं आडनाव तेच. राज्याच्या त्या जनगणनेत नातं लिहायला रकाना नव्हता. घरात जेवढी तोंडं, तेवढी नावं.

पाच वर्षांनंतरच्या देशाच्या जनगणनेत मात्र रकाना होता. हाल्वोरपुढे कुटुंबप्रमुख. गुनहिल्डपुढे बायको. पेडरपुढे मुलगा. निल्सपुढे गडी.

आर्डिसने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग ती रस्ता ओलांडून कोर्टात गेली आणि हाल्वोरचं मृत्युपत्र मागितलं. त्यात काहीच झाकपाक नव्हती. माझा एकुलता मुलगा पेडर शेतावर राहायला तयार नाही, म्हणून त्याला घोड्यांची जोडी आणि गाडी. शेत निल्सला, जो पोरका म्हणून माझ्याकडे आला, माझ्याकडेच राबला आणि आता माझ्या शेताच्या नावाने ओळखला जातो. अट एवढीच, की माझ्या बायकोला मरेपर्यंत दक्षिणेची खोली द्यावी, फोडून रचलेलं सरपण द्यावं, एका गाईचं दूध द्यावं आणि दर रविवारी चर्चला न्यावं.

आर्डिसला एका क्षणात उलगडा झाला, आणि आपण नॉर्वेजियन असून हे आधी कसं सुचलं नाही याची लाजही वाटली. जुन्या देशात आडनाव माणसाचं नसायचंच, ते शेताचं असायचं. जो त्या शेतावर राहील तो ते लावायचा, गडी असो की जावई. शेत सोडलं की नावही सुटायचं. अमेरिकेत आलो आणि दोन पिढ्यांत आपण सगळे नावाला रक्त समजायला लागलो.

कोर्टासमोरच्या खानावळीत तिने ॲपल पाय मागवला. पहिला घास तिने लव्हॉनच्या नावाने खाल्ला. गड्याची नातसून. थोरली पाती म्हणे. आता बघू कापड कोण ओढतं ते. दुसरा घासही गोड लागला. तिसऱ्या घासाला तिचा काटा हवेतच थांबला.

निल्स हाल्वोरचा मुलगा नव्हता. म्हणजे सेल्मर तिचा कुणीच नव्हता. रक्त एक नव्हतं. कधीच नव्हतं.

मग तिला लव्हॉनचा हेवा वाटला तसा आजवर कधी वाटला नव्हता. आतापर्यंत निदान देवाने आडकाठी घातली अशी समजूत तरी होती. आता कळत होतं की मध्ये काहीही नव्हतं, नुसती हवा होती, आणि त्या हवेतून लव्हॉन चालत येऊन तिच्या खुर्चीवर बसली होती. ती खिडकी आपली होती, तो ब्रोच आपला होता, रविवारी बाकावर शेजारी बसणारा तो रुंद खांदा आपला होता. आता दगड गेला खड्ड्यात. सेल्मरला हे कळायला हवं होतं, आणि तिच्याच तोंडून कळायला हवं होतं. त्याने ते अर्धं वाक्य पूर्ण करावं, एवढंच तिला हवं होतं. उरलेलं आयुष्य तिने त्यावर काढलं असतं.

समारंभाच्या आदल्या दिवशी ती केस बसवून घेऊन चर्चच्या तळघरात उतरली. लव्हॉन एकटीच लेफ्से करत होती, हात कोपरापर्यंत पिठात, पण गळ्यापाशी ब्रोच आजपासूनच लावलेला. पलीकडे सेल्मर घडीची टेबलं उघडून मांडत होता.

"काय गं, एवढी नटूनथटून? लग्नबिग्न आहे का कुठे?" लव्हॉन म्हणाली.

"बाप्तिस्मा आहे. तुमच्या निल्स आजोबांचा, नव्या नावानं."

"म्हणजे?"

आर्डिसने दोन्ही कागदांच्या प्रती पिठाच्या टेबलावर ठेवल्या. लव्हॉनने हात पुसले, चष्मा लावला आणि जनगणनेचा कागद नाकाजवळ धरला.

"हा दुसराच कुणी असेल," ती म्हणाली. "या खोऱ्यात दगड उचलला तरी खाली निल्स सापडतो."

"त्याच घरात? त्याच वयाचा? बरं, ते राहू दे. मृत्युपत्र वाच. एकुलता मुलगा कोण लिहिलंय बघ."

लव्हॉन वाचायला लागली. तिचे ओठ हलत होते. तव्यावरची लेफ्से आधी तपकिरी झाली, मग काळी पडली, तळघरभर धूर झाला तरी तिचं लक्ष नव्हतं. लव्हॉनची लेफ्से जळताना आर्डिसने जन्मात पहिल्यांदा पाहिली आणि जरा वेळ नुसती पाहत राहिली. मग तिनेच ती उलथन्याने काढून बाजूला ठेवली.

"समितीला सांगणार आहेस?" लव्हॉनने हळूच विचारलं.

"समितीचं बघू नंतर. सेल्मर, जरा इकडे ये."

सेल्मर कॉफीचा कप घेऊन आला. त्याने साखरेचा खडा दातात धरला, त्याच्या बापासारखाच, आणि त्यातून एक घोट ओढला. आर्डिसने हे वाक्य गाडीत येताना घोकलं होतं.

"तुझा आजा हाल्वोरचा मुलगा नव्हता, गडी होता. शेतावर राहिला म्हणून त्याला शेताचं नाव लागलं. आपलं रक्त एक नाही, सेल्मर."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. 

"हां, ते होय," सेल्मर म्हणाला. "माहितेय की."

"काय माहितेय?"

"हेच. निल्स आजोबा गडी होते ते. बाबांनी सांगितलं होतं मला, सैन्यात निघालो तेव्हा, स्टेशनवर. म्हणाले, गावात बोलू नको, पेडरची माणसं उगाच कज्जा करतील. मग राहूनच गेलं बघ." त्याने कागद जरा लांब धरून पाहिला. "यासाठी जिल्ह्याला गेलीस? मला विचारायचंस ना."

त्याने ती जळकी लेफ्से उचलली, लोणी फासलं, गुंडाळी केली आणि खात खात टेबलांकडे निघून गेला.

आर्डिस उभी होती. सैन्यात निघाला तेव्हा. म्हणजे कोठाराशी उभा राहिला त्याच्या आधी. त्याला माहीत होतं. टोपी फिरवत होता तेव्हाही माहीत होतं. त्याला ती नको होती, तोंडावर नाही म्हणवत नव्हतं, म्हणून त्याने पुढ्यातलं पहिलं कारण उचललं. 'नाहीतर'च्या पुढे काहीही नव्हतं, आणि भोंगा वाजला नसता तरी काही आलं नसतं. आज तर ते बोलल्याचं त्याच्या लक्षातही नव्हतं. तिने टेबलाची कड धरली. तिचा तळवा पिठाने पांढरा झाला.

"त्याला माहीत होतं," लव्हॉन म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आर्डिस, लग्नाआधी मी त्याला तुझ्याबद्दल विचारलं होतं. तू त्याच्याकडे बघायचीस ते सगळ्यांना दिसायचं. तर म्हणाला, वेडी आहेस का, ती बहीण लागते माझी. पुढेही कधी मी कुरकुर केली की हेच. बहीण आहे ती माझी. आणि मी गप्प बसायचे. त्याच भरवशावर बसले इतकी वर्षं."

आर्डिसने पिठाने भरलेला तळवा रुमालाला पुसला.

"माहीत असून मला खोटं का सांगितलं त्यानं? काही नव्हतं, तर लपवायचं काय होतं?" लव्हॉनने तिच्याकडे पाहिलं. ती नजर आर्डिसने ओळखली. तिने ती रोज आरशात पाहिली होती. "तुमच्यात काय होतं, आर्डिस?"

एका वाक्याचं काम होतं. मलाही त्यानं हेच सांगून वाटेला लावलं, लव्हॉन. एवढं म्हटलं असतं तर त्या बाईला रात्री झोप लागली असती, आणि कदाचित दोघी तिथे पिठाच्या टेबलाशी त्याच्या नावाने हसल्याही असत्या. वाक्य आर्डिसच्या जिभेवर आलं. खरं तेच होतं.

तिने लव्हॉनच्या कंबरेकडे पाहिलं, गळ्यापाशी चमकणाऱ्या ब्रोचकडे पाहिलं, आणि वाक्य गिळलं.

"जुनी गोष्ट आहे," ती म्हणाली. "कशाला उकरायची आता?"

लव्हॉन पलीकडे सेल्मरच्या पाठीकडे बघत राहिली. तो टेबलाचा पाय ठोकून बसवत होता, मजेत शीळ घालत होता. मग तिने ब्रोच सोडवला आणि पिठावरून आर्डिसकडे सरकवला.

"घे. रक्ताच्या माणसाचा आहे ना. कापडही उद्या तूच ओढ."

आर्डिसने ब्रोच उचलून लावला. तो तिला वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला. मग तिने पिठाचा एक गोळा घेतला, लाटणं हातात धरलं आणि लव्हॉनला म्हणाली, "तू बस जरा. उरलेल्या मी करते." लव्हॉन खुर्चीवर बसली आणि नवऱ्याकडे बघू लागली, आर्डिस आयुष्यभर बघत आली होती तशी.

आर्डिसने लाटलेली पोळी तव्यावर टाकताना फाटली.