पोटाचं माप

ताई कपडे शिवते. गळ्यात टेप असतेच, त्यामुळे दिवस गेल्यापासून दर सोमवारी ती स्वतःच्याच पोटाचं माप घ्यायची. मधले काही आठवडे आकडा जेमतेम हलला, तेव्हा ती उलट खूश झाली. "बघ, साखर कशी आटोक्यात ठेवलीय! बाळ उगाच फुगायला नको." दिवस गेल्यावरच्या तपासणीत साखर निघाली होती, त्यामुळे न चुकता इन्सुलिन टोचायची, ताटातलं अर्धं परत ठेवायची.

मग सोनोग्राफीत बाळ वाढीत मागे पडलेलं दिसलं. घरात आणखी कुणाला साखर आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. बाबांना होती. तरुणपणापासून, थोडीशीच, कधी गोळीही न लागलेली. ताई-बाबा दोघांच्या जनुकांची तपासणी झाली आणि आज अहवाल ऐकायला आम्ही तिघं गेलो.

"साखर किती वाढली की शरीराने इन्सुलिन सोडायचं, हे ठरवणारा काटाच तुमच्यात जन्मापासून जरा वर लागलाय," डॉक्टर ताईला म्हणाल्या. "वडिलांकडून आलाय. त्याने तुम्हाला काही होत नाही."

"घ्या!" बाबा म्हणाले. "आणि मी आयुष्यभर चोरून चॉकलेटं खाल्ली, वर हिच्या आईची बोलणी खाल्ली."

ताई हसली नाही. "मग बाळ का वाढेना?"

"बाळाच्या जनुकातही हाच बदल असेल, तर त्याचाही काटा वर, त्याला वाढायला तुमची जास्त साखरच हवी होती. इन्सुलिन देऊन आपण ती काढून घेतली. बदल नसेल, तर तीच साखर त्याला जास्त होईल, ते प्रमाणाबाहेर वाढेल."

"मग आहे की नाही बदल?"

"निम्मी शक्यता. नक्की कळायला पोटात सुई घालून गर्भजल काढावं लागेल. त्यात बाळ जाण्याचा थोडा धोका असतो. मागे पडलंय म्हणजे बदल असावा. पण बाळं इतर कारणांनीही मागे पडतात."

ताईने सुईला नकार दिला. इन्सुलिन थांबवायचं आणि पुढच्या सोनोग्राफीची वाट बघायची, असं ठरलं.

"तू हेच शिकलीस ना गं?" रस्त्यात तिने मला विचारलं. "सांग की, आहे का नाही."

ते जनुक कुठल्या पेशीत काय करतं, हे मला चित्र काढून दाखवता आलं असतं. "नाही सांगता येत, ताई."

"मग काय उपयोग तुझा," ती म्हणाली. रागाने नाही.

"दुसरं काही दिलं नाही मी हिला," बाबा मागून पुटपुटले. "नेमकं हेच दिलं."

घरी आल्यावर तिने फ्रिजमधून इन्सुलिन काढलं, हातात धरलं, परत ठेवलं. सोमवार नव्हता, तरी टेप पोटाभोवती घेतली.

"धर गं हे टोक."

मी धरलं. आकडा तोच होता.

"आता तो वाढावा असं वाटून घ्यायचं ना मी?"

"हो."

"आणि फार वाढला तर?"

मी टेप सोडवून परत तिच्या गळ्यात घातली.